सिम नसलेला मोबाइल

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नवऱ्यानं मला मोबाइल दिला. त्यात सिम नव्हतं.

“गाणे ऐकाले हाये,” तो म्हणाला. “बोलाले घरचा हायेच ना.”

तेव्हा अकोल्यात हे काही जगावेगळं नव्हतं. घरातला कर्ता नवा हँडसेट घ्यायचा, जुन्यातलं सिम काढायचा, आत मेमरी कार्ड टाकायचा आणि तो बायकोच्या हातात द्यायचा. बायका खूश व्हायच्या. मीही झाले, खोटं कशाला बोलू. माहेरी टेपरेकॉर्डर होता. कॅसेटची एक बाजू संपली की उठून ती उलटावी लागायची. आता नखाएवढ्या कार्डात शेकडो गाणी आली आणि तेवढं उठणंही संपलं. भाजीवाले ते डबडं हातगाडीच्या दांडीला टांगायचे, निंदणाऱ्या बाया पदरात बांधून वावरात न्यायच्या. माझं ओट्यावर, तिखटाच्या डब्याला टेकून उभं असायचं. जगातलं सगळं गाणं त्यातून माझ्यापर्यंत यायचं. माझ्याकडून मात्र त्यातून कुठंच काही जात नव्हतं. हे ध्यानात यायला मला दिवाळी ते संक्रांत एवढे दिवस लागले.

माझं सासर अकोल्याच्या बाजारात भाजी आणि फुलं विकणारं. माहेर नांदगाव पेठच्या पुढं, अमरावतीपासून जवळच, फुलं पिकवणारं. आमची शेवंती, आमचा झेंडू सकाळच्या एसटीनं अकोल्याला यायचा. ड्रायव्हरच्या मागच्या जागेत पोतं ठेवायचं, ड्रायव्हरला चहापाणी द्यायचं, इकडे स्टँडवर कोणीतरी उतरवून घ्यायचं. त्याच पोत्यांच्या व्यवहारातून माझी सोयरीक जमली. आई म्हणायची, पोरगी फुलांच्या वाटेनंच गेली.

बैठकीत एकच गोष्ट ठरवून घेतली होती. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. बाहेरून फॉर्म भरायचा, परीक्षेच्या आधी महिनाभर माहेरी यायचं, अमरावतीच्या कॉलेजात पेपर द्यायचे. “शिकू द्या ना, आमचं काय जाते,” असं सासरे चार माणसांत म्हणाले होते. फॉर्म मी लग्नाआधीच भरला होता. आमच्या घराण्यात पदवी झालेली बाई तोवर नव्हती, आणि पदवी नसती तर मी जन्मभर फुलंच मोजत बसले असते. मला शाळेवर लागायचं होतं. एवढंच पाहिजे होतं मला, चंद्रसूर्य मागितले नव्हते.

आता घरच्या फोनबद्दल सांगते. तो चायनाचा मोबाइल होता, चार स्पीकरवाला. वाजला की गल्लीतल्या बँडवाल्यानं लाजावं. तो टीव्हीच्या बाजूच्या फळीवर असायचा आणि कोणाचाही फोन आला तरी स्पीकर चालू करूनच बोलायचं, असा त्या घरचा नियम होता. सासऱ्यांचे व्यापारी असोत, नवऱ्याचे मित्र असोत की माझी आई असो. नव्या सुनेला ते कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यावर पाळत ठेवायची म्हणून हे चाललंय. मग नणंदेनं सांगितलं. सासूबाईंचा धाकटा भाऊ कापसाचा शेतकरी होता. त्यानं फवारणीचं औषध घेतलं त्या दिवशी फोन आला तो सासऱ्यांनी घेतला, आणि बायकोला सांगितलं की भावाला बरं नाही, भेटून येऊ. तिनं वाटेत गाडी थांबवून त्याच्यासाठी संत्री घेतली. गावात पोचली तर अंगणात माणसं बसलेली. संत्र्यांची पिशवी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली म्हणे. त्या दिवसापासून ह्या घरात फोनवर कानाआड बोलायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि कोणाची टाप नव्हती तिला नाही म्हणायची. माझीही झाली नाही. वाईट माणसांशी भांडता येतं हो. ह्या बाईशी काय भांडू?

त्या वर्षांत आमचा वऱ्हाड रोज पेपरात असायचा. मोठमोठ्या गाड्या यायच्या, माणसं विहिरीत डोकावायची, फोटो काढून जायची. फुलवाल्यांचं नाव त्यात कुठं नव्हतं. पण कापूसवाल्याच्या घरचं लग्न मांडव न घालता उरकलं की आमचा झेंडू उकिरड्यावर जायचा. आणि कोणत्याही घरात फोन वाजला की आधी सगळ्यांचे चेहरे उतरायचे, मग हात पुढं व्हायचा.

आईचा फोन रविवारी यायचा.

“काय जेवली वं?” आई विचारायची.

“पिठलं भाकर.”

“अन् भाजी?”

मी उत्तर देण्याआधी सासूबाई मागून बोलायच्या. “मेथी होती, इहीनबाई. पण पोरगी मेथीले हात लावत नाही. तुमीच सांगा आता तिले.”

मग मेथीवर त्या दोघींचं निवांत चालायचं आणि मी मध्ये, लग्नात करवलीनं उभं राहावं तशी, हसऱ्या तोंडानं उभी असायची. माझ्या फोनवर माझंच काम नसायचं.

परीक्षेचा विषय मी काढला नाही असं नाही. काढला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“शिक ना माय. म्या नाही म्हटलं का? पण या साली नको. दिवस कसे हायेत, पाह्यतं ना? तू महिनाभर बाहेर, अन् इकडे फोन वाजला का माह्या जिवाचं पाणी पाणी. पुढच्या साली जाजो.”

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “आईले सोडून काही होत नाही. पुढच्या साली पाहू.” माणूस चांगला होता. पण ‘पाहू’ हा त्याचा आवडता शब्द, आणि पाहू म्हटलेली गोष्ट त्यानं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

संक्रांतीला माझा भाऊ न्यायला आला. तो नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात होता, सुट्टी टाकून आला होता. त्याला सासूबाईंनी आग्रह करकरून जेवू घातलं, टॉवेल टोपी दिली, माझ्या आईसाठी लुगडं दिलं आणि म्हणाल्या, “होळी होऊ द्या, मंग पाठवतो पोरीले.” भाऊ भिडस्त. एवढा मानपान झाल्यावर तोंड उघडणार कसं? तो ढेकर देऊन, टोपी घालून, एकटाच परत गेला. दारातून त्याची पाठ पाहताना मला त्याचा इतका राग आला की मी तिळगूळ द्यायलाही बाहेर गेले नाही.

गाण्याचा मोबाइल चाळता चाळता त्यात आवाज रेकॉर्ड होतो हे मला कळलं, ते ह्याच सुमारास. आधी मी त्याचा उपयोग अभ्यासाला केला. सोबत आणलेलं एकच पुस्तक होतं. त्यातली उत्तरं दुपारी हळू आवाजात वाचून ठेवायची आणि पोळ्या लाटताना कानात वायर घालून ऐकायची. सासरे कौतुकानं म्हणायचे, सुनेला गाण्याचं भारी वेड. त्यांना काय माहीत, मी पोळपाटावर पंचायत राज ऐकतेय.

मग एक दिवस वाटलं, उत्तर ठेवता येतं तर निरोप का नाही?

आईकडंही भावानं दिलेला तसलाच मोबाइल होता. हार ओवताना तिला भजनं लागायची. तिकडच्या दुकानात जुनी भजनं मिळत नव्हती, अकोल्यात स्टँडजवळच्या डाउनलोडिंगवाल्याकडं सगळं मिळायचं. म्हणून तिचं कार्ड कागदाच्या पुडीत बांधून फुलांच्या पोत्यातून यायचं. घरी आलं की मी नवऱ्याला सांगायची कोणती भजनं भरायची, तो भरून आणायचा आणि रिकाम्या पोत्यांसोबत कार्ड परत जायचं. डाउनलोडिंगवाल्याची एक पद्धत होती. कोणाचंही कार्ड हातात आलं की आधी ते पुसून साफ करायचं, मग गाणी भरायची. “व्हायरस असते,” म्हणायचा. त्याच्या दुकानाबाहेर रांग लागायची आणि सगळ्यांची जुनी गाणी तो न विचारता पुसायचा. कोणाची तक्रार नसायची. गाणीच तर होती, पुन्हा भरता यायची.

होळी झाली. कोणी मला पाठवायचं नाव काढलं नाही. त्या आठवड्यात आईचं कार्ड भरून आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी कुरड्या वाळत घालायच्या निमित्तानं स्लॅबवर गेले, पाण्याच्या टाकीमागं बसले, माझ्या मोबाइलमध्ये आईचं कार्ड घातलं. सासूबाईंनी विचारलंच तर दाखवायला म्हणून आधी एक भजन खरंच म्हटलं. मग त्यालाच जोडून बोलले.

“माय, हे एकटीनं ऐकजो. मले परीक्षेले याचं हाये. इथं कोणी वाईट नाही, पण कोणी सोडत बी नाही. भावाले पाठव. जेवू नको म्हणा, बसू नको म्हणा, मले घेऊनच जाय म्हणा. या साली नाही झालं त मंग माह्यानं होत नाही.”

शेवटी शेवटी रडू आलं. ते पुसावं असं वाटलं, पण पुन्हा बोलायची हिंमत नव्हती. तसंच राहू दिलं.

रविवारी फोनवर मी आईला सांगितलं, “माय, एक भजन म्या सोता म्हटलेलं हाये. रेकॉर्डिंगच्या खान्यात. भावाकडून लावून घेजो.”

“सोता म्हटलं? मले नाही ऐकवलं?” सासूबाई म्हणाल्या. मला ते भजन त्यांच्यासमोर तिथंच म्हणावं लागलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, टाळ्या वाजवल्या. आई फोनवर होती, तिनंही ऐकलं असेल.

मग मी वाट पाहू लागले. आई काहीतरी करणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. ती अमरावतीच्या बाजारात उभी राहून फुलं विकलेली बाई. भाव पाडून मागणाऱ्याला ती एका शब्दात वाटेला लावायची. दाराशी चप्पल वाजली की मला भाऊ वाटायचा. माझी पिशवी मी पेटीमागं भरून ठेवली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी झेंडूची पोती आली. सणाची गर्दी, त्यामुळं नवरा स्टँडवरून माल थेट बाजारात घेऊन गेला आणि दिवस मावळता घरी आला. खिशातून पुडी काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

“मायचं कार्ड. तुयासाठी भरूनच आणलं. तिथंच होतो स्टँडवर, म्हटलं तुले सणाचं कायले ताटकळत ठेवाचं. या बारीनं नवे भजन टाकले.”

तो इतका आनंदात होता. मी विचारलं, “आधी काय होतं त्यात?”

“काय राह्यते? तेच जुने गाणे. पाह्यलं म्या.”

त्यानं पाहिलं होतं ते गाण्यांच्या खान्यात. आवाज दुसऱ्या खान्यात राहतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मला ते त्याच क्षणी सुचलं होतं. पण मी मनाला समजावलं की उत्तर असेल तर ते कार्डात कशाला येईल, भाऊच येईल. आई काही कार्डात बोलत बसणारी नव्हे. उठून कामाला लागणारी आहे.

पाडवा झाला. भाऊ आला नाही. शुक्रवार आला, शनिवार आला. रविवारी आईचा फोन आला, तेव्हा सासरे पेपर वाचत होते, सासूबाई वाती वळत होत्या आणि नवरा जेवत होता.

आईनं त्या दिवशी जेवणाचं विचारलं नाही. एकदम म्हणाली, “पोरी, तू खुशाल हायेस ना? खरं सांग.”

खोलीतलं कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. पण सगळे ऐकत होते. सासूबाईंचा वात वळणारा हात थांबला होता. त्या बाईला मी काय ऐकवणार होते?

“हो, माय,” मी म्हटलं. “खुशाल हाये.”

“बरं,” आई म्हणाली.

पुढं उन्हाळा लागला. माहेरच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं, फुलं संपली, पोती यायची थांबली आणि कार्डाचं येणं-जाणंही थांबलं. एका सकाळी पोळ्या लाटताना मला आठवलं की आज पहिला पेपर. त्या दिवशी मी कानात वायर घातली नाही. पिशवीतले कपडे काढून परत पेटीत ठेवले.

आईनं ऐकूनही भावाला पाठवलं नाही, असं मी धरून चालले. पुन्हा विचारलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, एकदा मागून मिळालं नाही ते मी दुसऱ्यांदा मागत नाही, सख्ख्या आईलाही. पुढच्या साली पोटात मूल होतं. त्याच्या पुढच्या साली सासरे अंथरुणाला खिळले. मग मीही ‘पाहू’ म्हणायला शिकले. आईचे फोन येत राहिले, पण त्यात आता ऊनपाऊस आणि भाज्यांचे भाव एवढंच असायचं. कशी आहेस असं ती विचारेनाशी झाली. भाऊ तर फोनवर यायचाच नाही. मला वाटायचं, ह्यांनी मला देऊन टाकली आणि हात झटकले. माहेरी गेले की मी दोन दिवसांत परत फिरायची.

आणि जग बदलत गेलं. कार्डं गेली, डाउनलोडिंगवाल्यानं दुकानात मोबाइलची कव्हरं आणि काचा विकायला सुरुवात केली. माझ्या हातात सिमवाला फोन आला, मग नेटवाला आला. सासूबाई गेल्या, त्यांच्यासोबत फळीवरचा फोनही गेला. आता घरात प्रत्येकाच्या कानात आपापली वायर असते आणि कोण कोणाशी काय बोलतं ते कोणाला कळत नाही. ज्या गोष्टीसाठी मी तडफडले ती माझ्या मुलीला न मागता मिळाली. ती जेवतानाही कानातलं काढत नाही. तिच्यावर ओरडताना माझा मलाच कंटाळा येतो.

परवा माहेरी गेले होते. भावानं आईला नवा मोठा फोन घेऊन दिला आहे, त्यावर ती भजनांचे व्हिडिओ बघते. आम्ही दोघी ओसरीवर हार ओवत बसलो होतो. तिला लिहिता येत नाही, म्हणून मी तिला आवाजाचा मेसेज कसा पाठवायचा ते दाखवत होते. हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं.

“मले येते,” ती म्हणाली. “मागं तुले पाठवला नव्हता का?”

“कधी?”

“कार्डात. तुया परीक्षेच्या टाइमाले. भावानं बटण दाबलं अन् म्या बोलली.”

माझ्या हातातली सुई थांबली. मी विचारलं, काय बोलली होतीस. ती हार ओवता ओवता सांगत राहिली, बाजारातला जुना किस्सा सांगावा तसं.

“म्हटलं, घरी पाठवलं त तो पुन्हा जेवून येईन. त्याचं काही खरं नाही. म्हणून सांगतलं, पाडव्याच्या मंगच्या शुक्रवारी देवीच्या दर्शनाले जातो म्हणून घरून निघजो. भाऊ स्टँडवर उभा राहीन, अमरावतीच्या गाड्या लागते तिथं. पेपर झाले का मी सोता तुले आणून सोडीन, इहीनबाईच्या पाया पडीन. शिव्या मी खाईन, तू फक्त ये.”

“मंग?”

“मंग काय? गेला तो. तुयं परीक्षेचं कार्ड खिशात घेऊन गेला. सांजलोक उभा राह्यला. शेवटच्या गाडीनं वापस आला. लय राग आला होता त्याले. म्या म्हटलं, रागावू नको बाप्पा. पोरगी रमली. आता तिच्या संसारात आपण पाय नाही घालाचा.”

स्टँड आमच्या घरापासून लांब नव्हतं. मी त्या शुक्रवारी काय करत होते ते मला आठवतं. मी ओट्याशी उभी राहून दाराकडं कान लावून होते, भावाची चप्पल वाजते का म्हणून.

इतकी वर्षं आईवर धरलेला राग एकदम माझ्या हातातच राहिला. तो कोणाला द्यावा? सासूला? ती गेली. नवऱ्याला? त्यानं सणाचं ताटकळायला नको म्हणून लवकर गाणी भरून आणली होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की माय, मला ते ऐकायलाच मिळालं नाही, मी चालत आले असते, अनवाणी आले असते. ते शब्द तोंडाशी आले होते.

पण आई बोलतच होती.

“त्याच्या आधी मले झोप नव्हती वं. तुया रडण्याचा आवाज कानातून जायेच ना. त्या रविवारी तुले विचारलं, तू म्हणे खुशाल हाये. त्या दिवशी म्या तुयी काळजी सोडली. तवापासून झोप लागते मले.” तिनं वर पाहिलं. “रमलीच होती ना?”

“रमली होती, माय,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग हार बाजूला ठेवला, फोन घेतला, मी दाखवलं तसं बटण दाबून धरलं आणि भावाला तिचा पहिला मेसेज पाठवला, की बहीण आली हाये, जेवाले ये.